पहाटे पावणेचारला उठायला लागल्यापासून भूक आवरत नाही. शरीराची गरज खरंच वाढते का?

पहाटपाळी

नमस्कार. प्रश्न भुकेचा आहे, पण सुरुवात गजरापासून करावी लागेल.

गेले आठ आठवडे मी पहाटे ३.४५ला उठते आहे. रेडिओवरच्या सकाळच्या पहिल्या बातमीपत्राची जबाबदारी माझ्याकडे आली. ते ५.३०ला जातं आणि त्याआधी रात्रभराच्या बातम्या चाळून, मजकूर पक्का करून निवेदकाच्या हातात द्यायचा असतो. त्याआधीची दहा वर्षं मी रात्री ११ला झोपून सकाळी पावणेसातला उठत होते. आता साडेदहाला पाठ टेकते. त्याआधी जमत नाही. मुलगी साडेसातला घरी येते, आठला आम्ही तिघं एकत्र जेवतो, मग तिचा दिवस ऐकायचा असतो. तेवढाच वेळ ती माझ्या वाट्याला येते. म्हणजे झोप झाली सव्वापाच तास. दुपारी दोनला घरी आल्यावर कधी तासभर डोळा लागतो, कधी नुसतीच कूस बदलत पडते.

माझं वय ४१. या आठ आठवड्यांत वजन ६१ वरून ६३.४ किलो झालं. तेवढ्यासाठी लिहीत नाहीये. मला त्रास होतोय तो भुकेच्या बदललेल्या चालीचा. शेवटचे तीन आठवडे मी वहीत टिपत गेले, त्यातून दिसलं ते असं:

उठल्यावर अन्नावर अजिबात वासना नसते. दुधाचा घोटसुद्धा नको वाटतो. बातमीपत्र संपून सहा वाजले की पोटात एकदम कावळे ओरडायला लागतात. तेव्हा व्यवस्थित खाल्लं तरी दहाला पुन्हा भूक. दीडला जेवण. चारच्या सुमाराला गोड हवं असतं, तेही पोट रिकामं नसताना. आणि रात्री आठला पोटभर जेवून साडेनऊला मी पुन्हा डबे उघडत असते. त्या २१ दिवसांतल्या १५ रात्री मी जेवणानंतर काही ना काही खाल्लं. बिस्किटं, खारे दाणे, मुलीसाठी आणलेलं चॉकलेट. पूर्वी मला ही सवय नव्हती.

माझा सहकारी म्हणतो, "तू अडीच तास जास्त जागी असतेस, तेवढं जास्त लागणारच. एक जेवण वाढव." हिशेब बरोबर वाटतो. पण मग साडेनऊची ती वखवख भुकेसारखी का वाटत नाही?

तर विचारायचं हे की जागं राहण्याचे तास वाढले तर खाण्याची गरज किती वाढते? पहाटे चारला इच्छा नसताना काही खावं का? आणि ही भूक आहे की झोपच भुकेचं सोंग घेऊन येते आहे?

भट्टीवाला

ताई, मी अकरा वर्षं बेकरीत आहे. गजर अडीचचा. त्यामुळे तुमची वही वाचताना आपलेच दिवस वाचतोय असं वाटलं.

पहिले दोन महिने मी भट्टीतून निघालेलं काहीही खात सुटायचो. हातात गरम पाव असतो, पोटात काही नसतं, आणि डोक्याला झोप हवी असते. सहा किलो वाढलो. उपाय म्हणून मी आधी खाणं कमी करून पाहिलं. दुपारचं जेवण अर्धं केलं. त्याने एवढंच झालं की संध्याकाळी दुप्पट खायला लागलो आणि वरून चिडचिड. भूक जागेवर आली ती मी सात-सव्वासातला झोपायला लागलो तेव्हा. जेवणात काहीही बदल न करता. मला त्यामागचं शास्त्र सांगता येणार नाही, पण क्रम नक्की सांगतो: आधी झोप सरकली, मग तीनेक आठवड्यांनी भूक सरकली.

"लवकर निजे, लवकर उठे" ही म्हण सगळे सांगतात. सांगताना जोर दुसऱ्या निम्म्यावर असतो. उठणं गजराच्या हातात आहे, निजणं घरच्या सगळ्यांच्या हातात. तिथेच अडतं.

पहाटे खाऊ नका, जात नसेल तर. मी नुसतं पाणी पिऊन निघतो. पहिली पोती संपली की साडेपाच-सहाला बसून खातो. उभ्याने नाही, बसून.

प्रयोगवही

मी २६ वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. भट्टीवाल्यांनी क्रम अचूक सांगितला आहे. मी त्यामागची कारणं सांगते.

आधी तुमच्या सहकाऱ्याचा हिशेब. तो दिशेने बरोबर आहे, मापाने चुकतो. झोपेत शरीर बंद पडत नाही. हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं चालूच असतात आणि दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा या मूलभूत कामांचाच असतो. जागं राहून नुसतं बसण्यात झोपेपेक्षा थोडाच जास्त खर्च होतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात केनेथ राइट यांच्या गटाने १६ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून हे मोजलं. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. पाच दिवस, रात्री फक्त पाच तास झोप. दिवसाचा एकूण खर्च वाढला तो साधारण ५ टक्के. तुमचा रोजचा खर्च २,००० कॅलरी धरला तर १०० कॅलरी. म्हणजे एक केळं. आख्खं जेवण नव्हे.

पण त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट तुमच्या वहीशी तंतोतंत जुळते. त्या लोकांना हवं तेवढं खायची मोकळीक होती. त्यांनी वाढलेल्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त खाल्लं आणि पाच दिवसांत सरासरी ०.८२ किलो वजन वाढलं. सकाळचं खाणं कमी झालं होतं. जास्तीचं खाणं झालं ते रात्रीच्या जेवणानंतर, सटरफटर. तुमचे साडेनऊचे डबे. त्यामुळे इच्छाशक्ती कमी पडते असं कृपा करून समजू नका. कमी झोपलेली निरोगी माणसं असंच वागतात.

का वागतात, याला एकच उत्तर नाही. सगळ्यात जास्त सांगितलं जातं ते दोन संप्रेरकांचं. घ्रेलिन जठरातून येतं आणि भूक लावतं. ते १९९९ मध्ये सापडलं. लेप्टिन चरबीतून येतं आणि साठा पुरेसा असल्याचं मेंदूला कळवतं. ते १९९४ मध्ये सापडलं. शिकागो विद्यापीठात कारीन स्पीगल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि शिरेतून ग्लुकोज देऊन त्यांना मिळणारी ऊर्जा ठरावीक ठेवली. लेप्टिन १८ टक्के उतरलं, घ्रेलिन २८ टक्के चढलं, आणि भूक २४ टक्के वाढल्याचं त्या तरुणांनी नोंदवलं. ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे. हे २००४ चं काम, आणि सगळीकडे एवढंच उद्धृत होतं. मला ते अपुरं वाटतं. कारण वर सांगितलेल्या कोलोरॅडोच्या प्रयोगात ही संप्रेरकं "साठा भरपूर आहे" असंच सांगत होती, तरी माणसं खात राहिली. म्हणजे नुसत्या पोटाच्या निरोपावर सगळं ठरत नाही.

मेंदूचा भाग इथे येतो. झोप गेलेल्या माणसांना स्कॅनरमध्ये ठेवून पदार्थांची चित्रं दाखवली तेव्हा तोलून-मापून निर्णय घेणाऱ्या पुढच्या भागांचं काम मंदावलेलं दिसलं, आणि पदार्थाचं आकर्षण वाटायला लावणारा आतला भाग जास्त चेतलेला दिसला. तुम्ही लिहिलंत की साडेनऊची वखवख भुकेसारखी वाटत नाही. तुमचं निरीक्षण फार बारीक आहे. पोट रिकामं असल्याची भूक आणि पदार्थ हवाहवासा वाटण्याची भूक या दोन वेगळ्या वाटा आहेत. अपुरी झोप दुसरीला जास्त मोकळं सोडते.

आणखी एक धागा मला स्वतःला फार आवडतो. १९९८ मध्ये मेंदूच्या अधश्चेतकात एक रेणू सापडला. शोधणाऱ्या एका गटाला वाटलं हा भूक लावणारा, म्हणून ग्रीक भाषेतल्या भुकेच्या शब्दावरून नाव ठेवलं ओरेक्सिन. दुसऱ्या गटाने त्यालाच हायपोक्रेटिन म्हटलं. पुढे कळलं की त्याचं मोठं काम माणसाला जागं ठेवणं हे आहे. या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, माणूस दिवसाढवळ्या झोपेत कोसळतो. जाग आणि भूक मेंदूत एवढ्या शेजारी राहतात. जागं राहणं म्हणजे अन्न शोधायला निघणं, असा जुना करार असावा.

आता पहाटे चारच्या अनिच्छेबद्दल. हार्वर्डच्या फ्रँक शीअर यांनी १२ जणांना १३ दिवस मंद उजेडात, २० तासांच्या "दिवसांवर" ठेवलं. त्यामुळे झोप-जाग आणि जेवणाच्या वेळांपासून शरीराचं आतलं घड्याळ वेगळं काढता आलं. त्यात दिसलं की भुकेला स्वतःचा दैनिक चढउतार आहे. तळ सकाळी आठच्या आसपास, शिखर रात्री आठच्या आसपास. रात्रभर उपाशी राहूनही आपण भुकेने तळमळत उठत नाही ते यामुळे. तुम्ही तर त्या तळाच्याही आधी उठता. तुमचं ऑफिस सुरू झालेलं असतं, पण शरीरात अजून रात्र आहे, रक्तात मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक आहे, आणि अशा वेळी साखर हाताळण्याची शरीराची क्षमता कमी असते. म्हणून चारला जबरदस्तीने खाऊ नका. सहाला जी भूक लागते ती खरी आहे, तिला नीट वाढा. अंडी, दूध, डाळी, असं प्रथिनांचं काहीतरी त्यात ठळक असू द्या. दहाची भूक त्याने बरीच मवाळ होईल.

माझा मुख्य सल्ला मात्र झोपेचाच. शिकागोच्याच एस्रा तसाली यांच्या गटाने रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन थोडं जास्त असलेल्या ८० तरुणांना झोप वाढवायला मदत केली. आहाराबद्दल एक शब्द सांगितला नाही. माणसं आपापल्या घरीच होती. दोन आठवड्यांत झोप सरासरी १.२ तास वाढली आणि खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप कमी झालं. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मी बोलून दाखवलेल्या सगळ्या प्रयोगांत मला हाच जास्त मोलाचा वाटतो, कारण तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात झाला.

नऊला झोपायचं असेल तर सात-साडेसातनंतर घरातला उजेड मंद करा. कॉफी पीत असाल तर शेवटचा कप सकाळी दहाच्या आत घ्या. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. दुपारची डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा. तासभर झोपलात तर रात्री नऊला डोळे मिटणार नाहीत, हे तुमच्या बाबतीत मला जवळजवळ नक्की वाटतं.

आणि झोप पुरेशी झाल्यावरही भूक भयंकरच राहिली, सोबत तहान वाढली, लघवीला वारंवार जावं लागलं, तर रक्तातली साखर तपासून घ्या. मोठ्याने घोरणं आणि उठल्यावर थकवा असेल तर झोपेत श्वास अडकत नाही ना, तेही डॉक्टरांना दाखवा.

तलावाकाठी

वरचं सगळं पटलं, पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. आमच्या घरी उलटं झालं.

माझा मुलगा १६ वर्षांचा. पोहण्याचा सराव पहाटे ५ ते ७, त्यासाठी ४.२०ला उठतो. त्याचंही खाणं प्रचंड वाढलं तेव्हा मला वाटलं अपुऱ्या झोपेची खा-खा आहे. मी त्याला हटकायला लागलो. दोन महिन्यांत त्याचं वजन साडेतीन किलो उतरलं आणि पाण्यात तो ढेपाळायला लागला. प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन समजावलं. दोन तास जोरात पोहण्यात आठशे-हजार कॅलरी सहज जातात, त्यात वाढीचं वय. तिथे गरज खरोखर वाढली होती आणि मी त्याच्या ताटावर नजर ठेवून बसलो होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यामुळे लवकर उठून माणूस काय करतो हे बघायला हवं. खुर्चीत बसून मजकूर तपासणं वेगळं, पोहणं वेगळं, भट्टीसमोर पिठाची पोती उचलणं वेगळं. आणि त्या वयात झोपही ८ ते १० तास हवी असते. आता तो आठला झोपतो. सरावाआधी अर्धं केळं खातो, तेवढंच जातं. बाहेर आल्यावर पोटभर.

भट्टीवाला

तलावाकाठी, अगदी खरं. माझं काम अंगमेहनतीचं, त्यामुळे माझं ताट ताईंनी बघून आपलं ठरवू नये. मला दोन वेळा भरपूर लागतं.

पहाटपाळी

तुम्हा तिघांचे आभार. १९ दिवसांनी लिहिते आहे, कारण नुसतं "करून बघते" म्हणण्यापेक्षा वही भरून मगच यावं असं ठरवलं होतं.

सव्वानऊला दिवे बंद करायला लागले. सातनंतर घरात एकच दिवा. कॉफी सकाळी सातला एकदाच. प्रत्यक्ष झोप सरासरी ६ तास १० मिनिटं झाली, दुपारची वीस मिनिटं वेगळी. सात तास अजून होत नाहीत.

या १९ रात्रींपैकी जेवणानंतर खाल्लं ते चार रात्री. मागे जाऊन पाहिलं तर त्या चारही दिवसांच्या आदल्या रात्री झोप साडेपाच तासांहून कमी झाली होती. हे पाहून मी बराच वेळ वही हातात धरून बसले. चारची गोडाची ओढ अजून आहे, पण पूर्वी ती मला खेचून नेत असे, आता नुसती आठवण करून देते. दहाची भूक जवळपास गेली. सहाच्या खाण्यात दोन अंडी आणि दूध आलं त्याचा परिणाम असावा. वजन ६२.९. एवढ्याशा फरकावरून मी काही म्हणणार नाही.

अवघड गेलं ते जेवण. सव्वानऊला झोपायचं तर आठचं जेवण मला जड होतं, म्हणून मी सहालाच जेवून घेते. आठला मुलगी आणि तिचे बाबा जेवतात तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन समोर बसते. पहिल्या आठवड्यात मुलीला ते आवडलं नाही. "तू जेवत नाहीस तर मला एकटं एकटं वाटतं," म्हणाली. मग मी माझ्या सहाच्या ताटातलं फळ काढून ठेवायला लागले. आठला ते तिच्यासोबत खाते, सावकाश, ती बोलत असते तोवर. आता ती स्वतःच आठला पाच कमी असताना ते कापून ठेवते.

प्रयोगवही, तुमचं "इच्छाशक्ती कमी पडते असं समजू नका" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. आठ आठवडे मी स्वतःला दोष देत होते.

एक अडचण उरली. माझ्या दोन सुट्ट्या असतात. त्या दिवशी मी आठला सगळ्यांबरोबर जेवते, अकराला झोपते, सकाळी सातला उठते. फार बरं वाटतं. पण त्यानंतरच्या पहिल्या पहाटपाळीला सगळं पहिल्यासारखं होतं. ते चार दिवस मोजले तर त्यातले तीन सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचे आहेत. भट्टीवाले, तुम्ही सुट्टीला काय करता?

भट्टीवाला

सुट्टी मला एकच असते. त्या दिवशी साडेचारपर्यंत झोपतो, दोन तास जास्त, त्याहून नाही. सुरुवातीला आठपर्यंत लोळायचो आणि पुढचे दोन दिवस भट्टीपाशी हात थरथरायचे.

तुम्ही दोन्ही दिवस सोडू नका. पहिल्या रात्री मुलीसोबत आठला जेवा, गप्पा मारा, उशिरा झोपा, दुसऱ्या सकाळी हवं तर सहापर्यंत झोपा. दुसऱ्या रात्री मात्र परत सहाचं ताट आणि सव्वानऊची पाठ. आणि पाळीच्या पहिल्या सकाळी डबा आदल्या दिवशीच भरून ठेवा. त्या दिवशी भूक जास्त लागणारच आहे, तेव्हा हाताशी चांगलं काहीतरी असलेलं बरं.

प्रयोगवही

यात माझ्याकडून एवढीच भर: सुट्टीच्या सकाळी उठल्या उठल्या बाहेरच्या उजेडात अर्धा तास जा. आतलं घड्याळ उजेडावर लागतं. तीन आठवड्यांनी वही घेऊन पुन्हा या, मला तुमची पहिल्या पाळीची पानं वाचायची आहेत.